मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर ‘जड’ म्हणजे नेमकं किती?

प्रश्न : माझं वय 61. कराड तालुक्यातल्या एका गावात राहते. नऊ दिवसांपूर्वी उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, भिंग बसवलं. डाव्या डोळ्याचं नंतर करू म्हणालेत. डिस्चार्ज कार्डावर ‘एक महिना जड वजन उचलू नये’ एवढंच लिहिलंय. किती किलोला जड म्हणायचं हे विचारायचं राहून गेलं. घरी दोन म्हशी आहेत. मुलगा कारखान्यात पाळीवर जातो, सून सकाळी साडेसातला कामाला बाहेर पडते. नळाला एक दिवसाआड पाणी येतं. चार दिवस मी काहीच केलं नाही. पाचव्या दिवशी पाणी आलं तेव्हा घरात कुणी नव्हतं, म्हणून भरलेली बादली उचलून मोरीत नेली. त्या रात्री डोळ्यातून सारखं पाणी गळत होतं. भिंग सरकलं असेल का, ही धास्ती तेव्हापासून जीव खातेय. घरात कुणाला बोलले नाही. आमचे हे म्हणतात, त्यांच्या आईला ऑपरेशननंतर मानसुद्धा हलवू देत नव्हते. शेजारीण म्हणते, ती आठव्या दिवशी भांगलायला गेली, काही होत नाही. जाऊबाईंचं काचबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यांना तर दोन महिने कशाला हात लावू दिला नाही. खरं कुणाचं धरायचं? नातू तीन वर्षांचा आहे, दिवसभर ‘आजी, घे’ म्हणून मागे लागतो.

उत्तर : ताई, आधी त्या बादलीचं बघू, कारण पत्रात ती एका ओळीत आली असली तरी तुमची झोप तिनेच घालवली आहे.

बादली उचलल्याला आता चार दिवस झाले. या चार दिवसांत डोळा दुखत नसेल, लाली रोज थोडी थोडी ओसरत असेल आणि दिसणं आहे तसंच किंवा आधीपेक्षा स्वच्छ असेल, तर त्या एका बादलीने बहुधा काही बिघडलेलं नाही. ऑपरेशननंतरच्या दिवसांत डोळ्यातून पाणी येणं ही नेहमीची गोष्ट आहे. बुबुळाजवळचा छेद ताजा असतो, वरचा पृष्ठभाग कोरडा पडतो, त्यात दिवसातून इतक्या वेळा थेंब पडतात. नवं भिंग एखाद्या बादलीने सहसा सरकत नाही. डोळ्यातल्या मूळ भिंगाची जी पातळ पिशवी असते, तिच्यातच ते बसवलेलं असतं आणि त्याचे दोन बारीक हात पिशवीच्या कडांना टेकलेले असतात.

पण ‘बहुधा’ या शब्दावर डोळा सोडून चालत नाही. उद्याच ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडे जा आणि सरळ सांगा, पाचव्या दिवशी बादली उचलली होती. ते यंत्रावर हनुवटी टेकवायला सांगून डोळा बघतील, भिंग जागेवर आहे का ते लगेच कळतं. जखमेतून पाणी झिरपत असल्याची शंका आली, तर पिवळा-नारिंगी रंग डोळ्याला लावून निळ्या उजेडात बघतात. झिरपणारं पाणी त्यात स्पष्ट दिसतं. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. घरीही सांगा. तुम्ही लपवून ठेवलंत तर परवा नळाला पाणी येईल तेव्हा बादली पुन्हा तुमच्याच पुढ्यात असेल.

आणि यातलं काहीही जाणवलं तर उद्याचीही वाट बघू नका : दुखणं वाढत जाणं, लाली कमी व्हायची सोडून वाढणं, पापणी सुजणं, पू किंवा घट्ट घाण येणं, काल दिसत होतं ते आज धूसर होणं, डोळ्यापुढे अचानक वीज चमकल्यासारखं होणं, काळे ठिपके एकदम वाढणं, कडेने पडदा सरकत आल्यासारखं वाटणं. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, रात्र असली तरी. डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झालाच तर तो बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांत होतो आणि त्यात नजर काही तासांतही जाऊ शकते. मेडिकलच्या दुकानातून थेंब आणून बघू या, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

आता वजनाचं. उचलण्याचा डोळ्याशी काय संबंध, हे एकदा कळलं की काय करायचं आणि काय टाळायचं हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

डोळ्यात सतत थोडं पाणी तयार होतं आणि थोडं बाहेर जातं. त्यामुळे आत एक ठरावीक दाब राहतो, साधारण 10 ते 21 मिलिमीटर पाऱ्याइतका. आपण काही जड उचलतो तेव्हा नकळत श्वास रोखतो, दात आवळतो आणि पोटातून जोर लावतो. त्या क्षणी छातीतला दाब वाढतो, डोक्याकडून हृदयाकडे परतणारं रक्त अडतं, मानेच्या शिरा फुगतात. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला रक्तवाहिन्यांचं दाट जाळं आहे, तेही भरून येतं. डोळा हा सगळीकडून बंद असलेला गोळा आहे. त्यात जागा वाढायला वाव नाही, म्हणून दाब वाढतो. श्वास सोडला की काही क्षणांत तो उतरतोही. धडधाकट डोळ्याला याचं काही वाटत नाही. ताजी जखम असलेल्या डोळ्यात मात्र हा झटका जखमेच्या कडांवर येतो. कडा किंचित उघडल्या तर आतलं पाणी बाहेर येतं आणि बाहेरचे जंतू आत जायला वाट मिळते. क्वचित बुबुळामागचा रंगीत पडदाही जखमेत येऊन अडकतो.

म्हणून किलोपेक्षा श्वासाकडे लक्ष द्या. जी वस्तू उचलताना तुम्ही सहज बोलू शकता, ती तुमच्यासाठी हलकी. जी उचलताना बोलणं थांबतं, दात आवळले जातात, ती जड, मग काटा काहीही दाखवो. तरीही आकडा हवाच असतो, म्हणून सांगते. बहुतेक डॉक्टर पहिले एक-दोन आठवडे पाच किलोच्या आत राहायला सांगतात आणि अवजड कामं महिनाभर बंद ठेवतात. तुमच्या डॉक्टरांनी यापेक्षा कमी सांगितलं तर त्यांचंच ऐका, कारण तुमची जखम त्यांनी पाहिलेली आहे.

पाच किलो म्हणजे घरात काय काय, ते मोजून बघा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पंधरा लिटरची भरलेली बादली पंधरा किलो, वर बादलीचं वजन वेगळं. हंडा जवळपास तेवढाच. तीन वर्षांचं मूल बारा-चौदा किलोचं असतं. दहा किलो दळणाचा डबा मर्यादेच्या दुप्पट झाला. भरलेल्या घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो आणि टाकीचं वजन धरून तो तीस किलोच्या आसपास जातो. तो नुसता कलंडवून फिरवतानाही चांगला जोर लागतो. पेंडीचं पोतं तर बाजूलाच ठेवा. ओली चादर किंवा गोधडी पिळताना वजन फारसं नसतं, पण दात आवळून पीळ द्यावा लागतो, म्हणून तीही याच यादीत येते. हापशाचा दांडा मारणंही.

मी बायांना तपासताना ‘वजन उचललंत का’ असं विचारायचं सोडून दिलं आहे. कुणीच हो म्हणत नाही. ‘पाणी कोण भरतं, वैरण कोण आणतं, सिलिंडर कोण लावतं’ असं विचारलं की सगळं बाहेर येतं. पुरुष पोतं उचलतो तेव्हा त्याला आणि बघणाऱ्यालाही ते वजन वाटतं. बाईचा हंडा मात्र कुणी मोजत नाही, तीसुद्धा नाही. कार्डावरच्या त्या छापील ओळीत ‘पाण्याचा हंडा, बादली, वैरणीचा भारा, मूल’ अशी नावं लिहिली असती, तर पाचव्या दिवशी तुम्ही थांबला असतात. आणि मुख्य म्हणजे पाणी यायच्या वेळी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी थांबायचं ठरवलं असतं. हे कार्डं छापणाऱ्यांनी मनावर घ्यायला हवं.

सासूबाई, शेजारीण आणि जाऊबाई यांच्याबद्दल तुम्ही जे ऐकलंत, ते त्यांच्या त्यांच्या परीने खरंच आहे. ऑपरेशनं मात्र वेगवेगळी आहेत.

तुमच्या सासूबाईंच्या काळी मोतीबिंदू अख्खा बाहेर काढायचे. त्यासाठी बुबुळाच्या कडेने 10 ते 12 मिलिमीटर किंवा त्याहूनही मोठा छेद घ्यावा लागे आणि तो टाक्यांनी शिवावा लागे. जखम इतकी मोठी, म्हणून डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून रुग्णाला उताणं झोपवत. भिंग बसवायची सोय सगळीकडे नव्हती, म्हणून पुढे जन्मभर जाड काचांचा चष्मा. मिस्टरांनी पाहिलं ते हे.

अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी 1967 मध्ये ध्वनिलहरींनी मोतीबिंदू आतल्या आत फोडून शोषून घ्यायची पद्धत आणली. तीच आजची फेको. तिच्यात छेद जेमतेम 2 ते 3 मिलिमीटरचा असतो. शिबिरांत आणि अनेक सरकारी दवाखान्यांत दुसरी एक पद्धत वापरतात. तिच्यात डोळ्याच्या पांढऱ्या भागातून 6 ते 7 मिलिमीटरची तिरकी वाट करून मोतीबिंदू बाहेर काढतात. दोन्ही बहुतेक वेळा बिनटाक्यांची असतात, कारण छेद तिरका असल्यामुळे आतल्या दाबाने तो आपोआप मिटून राहतो, सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह हवेच्याच दाबाने बंद राहतो तसा. पण मिटलेली जखम आणि भरलेली जखम यांत फरक आहे. वरची त्वचा एक-दोन दिवसांत जुळते, आतला सांधा पक्का व्हायला काही आठवडे जातात. बुबुळाला रक्तवाहिन्या नसतात, म्हणून तिथलं भरणं सावकाश चालतं.

तुमच्या शेजारणीचं फेकोने झालं असेल, छेद छोटा असेल, आठव्या दिवशी डोळा चांगला दिसला असेल. तिचं निभावलं, त्याचा आनंदच आहे. तरी मी तिला त्या दिवशी भांगलायला जाऊ दिलं नसतं. तिथे वजन नसतं, पण तासन्‌तास मान खाली, घाम डोळ्यात, माती हाताला, आणि खाज आली की तोच हात डोळ्याला जातो. तुमचं ऑपरेशन कोणत्या पद्धतीने झालं ते कार्डावर लिहिलेलं असतं. उद्या जाल तेव्हा तेही विचारून घ्या. छेद मोठा असेल, टाका घातला असेल किंवा ऑपरेशनच्या वेळी काही अडचण आली असेल, तर पथ्याचे दिवस वाढतात.

जाऊबाईंचं तर प्रकरणच निराळं. काचबिंदूच्या ऑपरेशनात डोळ्यातलं पाणी बाहेर पडायला मुद्दाम नवी वाट करतात. ती वाट मुरेपर्यंत डोळ्यातला दाब कधी कधी फार खाली जातो. अशा मऊ पडलेल्या डोळ्यात जोर लावला, तर आतली रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव होऊ शकतो आणि तो फार वाईट असतो. त्यांना दोन महिने जपलं ते योग्यच केलं. नेत्ररोपणात टाके वर्षभर किंवा अधिकही राहतात, तिथली काळजी आणखी लांबते. डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या (रेटिनाच्या) ऑपरेशनात डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला असेल, तर वजनापेक्षा मान कशी ठेवायची हे महत्त्वाचं असतं. शिवाय उंचावर गेलं की तो वायू फुगतो. वायू डोळ्यात असेपर्यंत विमान नाहीच, आणि तुमच्या भागातलंच उदाहरण द्यायचं तर सुमारे 1,350 मीटरवरच्या महाबळेश्वरला जायचं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घाट चढायचा नाही. तेव्हा शेजारच्या घरातला नियम आपल्या डोळ्याला लावायचा नाही.

आता तुमच्या घराचं. हा भाग मुलाला आणि सुनेला वाचायला द्या, मिस्टरांनाही.

पाणी एक दिवसाआड येतं, म्हणजे महिन्यात पंधरा वेळा. नळापासून मोरीतल्या पिंपापर्यंत रबरी पाइप टाकला तर बादली उचलायचा प्रश्नच मिटतो. तुम्ही चावी सोडायची आणि बंद करायची, एवढंच. पिंपातून घ्यायचं ते तांब्याने. पाइप जमत नसेल तर पाणी येतं त्या वेळी घरी कुणी राहायचं, हे पाळ्या बघून आठवडाभर आधीच ठरवून ठेवा. आयत्या वेळी ‘आई, मी आलो की भरतो, तू उचलू नको’ म्हणून काम भागत नाही. नळ चालू असताना आई बसून राहणार नाही, हे मुलाला माहीत असतं.

गोठ्यापासून तुम्ही निदान पंधरा दिवस, जमलं तर महिनाभर लांबच राहा. यात माझी मुख्य चिंता वैरणीच्या भाऱ्याची नाही. धार काढायला बसलं की चेहरा म्हशीच्या अंगाशी असतो आणि शेपटीचा एक फटकारा पुरतो. त्यात शेण, गोमूत्र, माश्या, कडबाकुट्टीचा उडणारा भुसा. ताज्या जखमेला याहून वाईट जागा नाही. मुलाने पाळीप्रमाणे एक वेळची धार काढावी, दुसऱ्या वेळी भावकीतल्या कुणाला सांगावं, पैसे द्यावे लागले तर द्यावेत. दूध डेअरीला घालायचं कामही त्यांचंच. एखाद्या वेळी अगदी तुमच्यावरच आलं, तर मोठी किटली न नेता दोन-दोन लिटरचे दोन डबे करा, दोन्ही हातांत एकेक.

नातवाचं मात्र मला मनापासून वाटतं, त्याला दूर ठेवू नका. उभ्याने कडेवर घ्यायचा नाही एवढंच पाळा. तुम्ही भिंतीला किंवा कॉटला टेकून बसा, त्याला स्वतः चढून मांडीवर येऊ द्या आणि डाव्या बाजूला घ्या. वजनाइतकीच भीती त्याच्या हातांची आहे, कारण मुलं खेळता खेळता चष्मा ओढतात, बोट घालतात, डोकं आपटतात. म्हणून तो जवळ असताना काळा चष्मा डोळ्यावर हवाच. तीन वर्षांच्या मुलाला ‘आजीच्या डोळ्याला बाऊ झालाय, फुंकर लांबूनच घाल’ हे चांगलं समजतं.

जोर लावायचे आणखी काही प्रसंग आहेत, ज्यांत हातात काहीच नसतं. संडासला कुंथणं हा त्यातला पहिला. हालचाल कमी झाली की पोट साफ होत नाही. पाणी भरपूर प्या, पालेभाजी, पेरू, पपई खा, रात्री इसबगोल घ्या. दोन दिवसांत फरक नाही पडला तर डॉक्टरांकडून औषध घ्या, पण कुंथू नका. खोकला असेल तर तो आधी बरा करून घ्या. शिंक आली तर दाबू नका, तोंड उघडं ठेवून सोडून द्या. योगासनं करत असाल तर कपालभाती आणि सूर्यनमस्कार महिनाभर बंद. शीर्षासन कुणी करत असेल त्याच्यासाठी सांगते, त्या अवस्थेत धडधाकट डोळ्यातलाही दाब जवळपास दुप्पट होतो. केर काढताना, लादी पुसताना, खाली पडलेलं उचलताना कमरेतून वाकून डोकं खाली नेऊ नका, गुडघ्यात वाकून मान सरळ ठेवा. भाजी चिरणं, भाकरी थापणं, धान्य निवडणं, टीव्ही बघणं हे सगळं चालेल, फक्त चुलीच्या धुरापासून दूर. चालायला तर रोज जा.

वजनाबद्दल इतकं लिहिलं, तरी खरं सांगायचं तर आजच्या छोट्या छेदाच्या ऑपरेशनात डोळा बिघडतो तो बादलीपेक्षा चोळल्याने, अस्वच्छ पाण्याने आणि थेंब चुकवल्याने. झोपेत हात जातो, म्हणून दिलेली प्लॅस्टिकची जाळी रात्री चिकटपट्टीने लावाच. डोक्यावरून आंघोळ डॉक्टर सांगेपर्यंत नको, तोंड ओल्या स्वच्छ फडक्याने पुसा. थेंब घालण्याआधी साबणाने हात धुवा, बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका, दोन वेगवेगळ्या थेंबांत निदान पाच मिनिटं जाऊ द्या. सूज उतरवायचे थेंब हळूहळू कमी करत नेतात. डोळा छान दिसतोय म्हणून मध्येच बंद केले, तर आतली सूज उलटू शकते.

पथ्य कधी संपेल? उद्याच्या तपासणीत सगळं ठीक निघालं, तर ऑपरेशनच्या पंधराव्या दिवसानंतर अर्धी कळशी, छोटा डबा असं हळूहळू सुरू करायला हरकत नसावी. महिना झाल्यावर, डॉक्टरांनी पुन्हा बघून ‘जखम भरली’ म्हटल्यावर हंडा, नातू, भारा. चष्म्याचा नंबरही साधारण चार ते सहा आठवड्यांनी काढतात, म्हणजे त्या सुमाराला तुम्ही बहुतेक मोकळ्या झालेल्या असाल.

डाव्या डोळ्याचं करायचं आहे, ते मात्र या वेळसारखं होऊ देऊ नका. तारीख घेताना मुलाच्या पाळ्या आणि सुनेच्या रजा बघा. एखादी म्हैस आटलेली असेल असा महिना निवडता आला तर उत्तमच. पाइप आणि धारेचं माणूस आधी ठरवा, मग दवाखान्यात जा. आणि सुट्टी मिळताना सुनेला सोबत उभी करून डॉक्टरांना तिच्यासमोरच विचारा : हंडा कधीपासून, धार कधीपासून, नातू कधीपासून. उत्तरं तिला कार्डाच्या मागे तिथेच लिहून घेऊ द्या.